पांढऱ्या पायाच्या पेशी

“रक्त कधीही खोटं बोलत नाही,” असं पालकमंत्री मिरजेच्या नाट्यगृहात म्हणाले आणि टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या पडल्या. मग आयोजकांच्या आग्रहाखातर त्यांनी यंत्राचा इवलासा चिमटा स्वतःच्या खालच्या ओठाला लावून घेतला, आणि त्यांच्या ओठातलं रक्त मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर वाहू लागलं. सभागृहात देवळातली शांतता पसरली. पडद्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या पेशींचा आकडा सहा हजारांवर निवांत उभा होता. एवढ्यात पुष्पगुच्छ घेऊन त्यांच्याच पक्षाचे शहराध्यक्ष व्यासपीठावर चढले. आकडा साडेनऊ हजारांवर गेला.

कुणीतरी वायर उपसली. निवेदिकेने तांत्रिक अडचण जाहीर केली. मंत्र्यांनी शहराध्यक्षांना कडकडून मिठी मारली, पण तोवर चिमटा काढलेला होता.

तिसऱ्या रांगेत रघुवीर आरवाडे बायकोशेजारी बसले होते. इंदुमतीबाईंच्या डोक्याला रुमाल होता, तोंडाला मास्क होता आणि पर्समध्ये निमंत्रणपत्रिका होती, कारण शहरातली पहिली दहा घरगुती यंत्रं ज्या रुग्णांना फुकट मिळणार होती त्यांत त्यांचं नाव होतं.

“बघितलंत?” त्या मास्कमधून म्हणाल्या. “शत्रू आला की पेशी वाढतात.”

“तसं नसतं गं. योगायोग असतो.”

“राजकारणात योगायोग?” इंदुमतीबाई म्हणाल्या, आणि यंत्र घ्यायला उठल्या.

यंत्रामागचं शास्त्र सोपं आहे. लहानपणी प्रत्येकाने ते करून बघितलेलं असतं. अंधारात बॅटरी पेटवायची आणि तिच्या तोंडावर तळहात दाबायचा. हात आतून लाल उजळतो. उजेड मांसात शिरतो, आत धडपडतो, दिशा विसरतो, आणि त्यातला थोडाफार पुन्हा बाहेर येतो. चिमटा एवढंच करतो, फक्त शहाणपणाने. ओठाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ असते, तिथे तो बाजूने हिरवा उजेड सोडतो. तो उजेड आत भटकून वर परतताना वाटेत केसाहून बारीक रक्तवाहिन्या लागतात. त्यांतल्या तांबड्या पेशी हिरवा उजेड पिऊन टाकतात, म्हणून त्या काळ्या दिसतात. पांढऱ्या पेशी काही पीत नाहीत. त्यामुळे काळ्या रांगेतून एक उजळ फट सरकत गेली, की समजायचं, एक पांढरी पेशी गेली. पूर्वी ती बघायला रक्त काढावं लागे, काचेवर पसरावं लागे, रंग द्यावा लागे. आता सुई नाही, रंग नाही. रक्त अंगातच, चालतंबोलतं.

मिनिटभरात किती फटी गेल्या ते यंत्र मोजायचं आणि त्यावरून एकूण आकडा सांगायचं. रक्ताचा वेग सगळ्यांचा साधारण सारखाच असतो, असं घरगुती यंत्रात गृहीत धरलेलं होतं. यंत्र सरकारी असो की खासगी, त्यात काहीतरी गृहीत धरलेलं असतंच.

कंपनीने यंत्राचं नाव ‘अधरा’ ठेवलं होतं. मिरजेने ते ‘चिमटा’ केलं.

रघुवीररावांना यंत्र बघताक्षणी आवडलं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, आणि नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी कृष्णेचं पाणी मोजण्यात घालवली होती. पहिल्या दिवशी ते पडद्याला नाक लावून बसले. पांढऱ्या पेशी तांबड्यांपेक्षा लठ्ठ असतात, आणि ओठातल्या वाहिन्या अरुंद. त्यामुळे एखादी पांढरी पेशी बोळात शिरली की उसाची ट्रॉली शिरल्यासारखं व्हायचं. ती हलत डुलत चालायची आणि मागे तांबड्यांची रांग लागायची.

“काय सुंदर प्रवाह आहे गं तुझा!” ते न राहवून म्हणाले.

“आयुष्यभर नदीकडे बघत बसलात,” तोंडात चिमटा असल्यामुळे इंदुमतीबाई बोबडं बोलल्या, “आता ओठाकडे बघताय. हे तेव्हा सुचलं असतं तर.”

इंदुमतीबाईंची केमोची पाच आवर्तनं झाली होती. सहावं शेवटचं. गाठ काढून झाली होती, केस गेले होते, आणि एका हाताला सुई लावायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुसऱ्या हाताच्या शिरा तर इतक्या रुसल्या होत्या, की रक्त काढणारी मुलगी आधी देवाचं नाव घ्यायची. चिमटा म्हणजे वरदानच. अट एकच होती. डोस देण्याआधी पांढऱ्या पेशी तीन हजारांच्या वर हव्यात. या पेशी म्हणजे अंगातले पहारेकरी, आणि केमो त्यांनाही मारते. पहारा तोकडा असताना डोस दिला, तर साधा ताप माणूस घेऊन जातो.

इंदुमतीबाईंचा आकडा चोवीसशेवर अडून बसला होता. डोस एकदा पुढे ढकलला गेला, दुसऱ्यांदाही ढकलला गेला.

आकडा आपोआप ‘इंदूच्या पेशी’ नावाच्या ग्रुपवर पडायचा. हा ग्रुप त्यांच्या मुलाने, सारंगने, जर्मनीतून काढला होता. नातेवाईक त्यावर हात जोडलेली चित्रं टाकायचे. एका मावसभावाने पपईच्या पानांचा रस सुचवला. दुसऱ्याने त्या रसाने आपले सासरे कसे गेले ते लिहिलं.

आणि एका मंगळवारी ग्रुपवर आकडा पडला. पस्तीसशे चाळीस.

सारंगचा लगेच फोन आला. “बाबा, काय केलंत?”

“काही नाही रे. प्रमिला आली होती.”

प्रमिला म्हणजे रघुवीररावांच्या धाकट्या भावाची, वसंताची बायको. ती सकाळी आली होती. आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरली, पदर खोचला, चहा केला, इंदुमतीबाईंबरोबर बसून प्याली, आमटीत गूळ जास्त आहे असं ठणकावून सांगितलं, आणि मग “बघू तरी अक्का, कसा असतो चिमटा” म्हणून मोजायला लावलं. ती दुपारी गेली. संध्याकाळी आकडा पुन्हा चोवीसशे. गुरुवारी ती परत आली, तेव्हा छत्तीसशे. शनिवारी आली नाही. चोवीसशे. रविवारी आली. साडेतीन हजार.

मावसभावाने ग्रुपवर लिहिलं, ‘प्रमिलावहिनींचा पायगुण!’

हे वाचून रघुवीररावांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं, कारण या घरात प्रमिलाच्या पायाचा इतिहास होता. ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात नदी चढली. आरवाड्यांच्या किराणा दुकानात छातीएवढं पाणी शिरलं आणि साखरेची सगळी पोती कृष्णार्पण झाली. सासूबाईंनी एका वाक्यात पंचनामा केला, “पांढऱ्या पायाची आहे.” रघुवीररावांनी त्या वेळी वाद घातला होता. म्हणाले होते, आई, पाणी वरून कोयनेतून आलंय, माझ्याकडे आकडे आहेत. आई म्हणाली, “कोयना इतकी वर्षं तिथंच आहे. ही काल आली.”

या युक्तिवादाला पाटबंधारे खात्याकडे उत्तर नव्हतं. पुढची चौतीस वर्षं प्रमिला घरातल्या प्रत्येक कार्यात भांडी घासायला असायची आणि ओटी भरायच्या वेळी कुणीतरी तिला काही आणायला पाठवायचं. सासूबाई जाऊनही बारा वर्षं झाली होती, पण प्रमिला अजून कुणाच्या मुंजीला बोलावल्याशिवाय माजघरात पाऊल टाकत नसे.

आता तोच पाय पांढऱ्या पेशी वाढवत होता. मिरजेत बातमी पसरायला ग्रुपची गरज नसते. पंधरवड्यात गल्लीतल्या तीन घरांनी प्रमिलाला निरोप धाडला, “आमच्याकडेही जरा टेकून जा.” एका घरात तिला पाटावर बसवून कुंकू लावलं. डेंग्यूच्या एका रुग्णाने तिच्या पायाला हात लावला.

“प्लेटलेट वाढायला हव्यात म्हणे त्याच्या,” प्रमिला सांगत होती. “मी म्हटलं, बाबा, आमचं पांढऱ्यातच काम चालतं.”

इंदुमतीबाई इतक्या हसल्या की चिमटा ओठावरून निसटला.

या दिवसांत शहरात आणखीही बरंच काही चाललं होतं. व्यासपीठावरचा तो प्रसंग कुणी विसरलं नव्हतं. माणूस समोर आला की पेशी बोलतात, एवढं लोकांना पुरेसं होतं. बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांबरोबर चिमटा येऊ लागला. मुलीच्या पेशी हलल्या नाहीत म्हणून एक जमत आलेलं लग्न मोडलं. दुसऱ्या ठिकाणी फारच हलल्या म्हणून मोडलं. ज्योतिष्यांनी गुणमेलनात छत्तिसांपैकी पाच गुण पेशींना दिले. मार्केट यार्डाजवळच्या एका बँकेत कर्ज मागणाऱ्याला चिमटा लावून साहेबांसमोर बसवायची टूम निघाली, ती साहेबांच्याच पेशी वाढतात असं लक्षात आल्यावर बंद पडली.

रघुवीररावांना हे सगळं हास्यास्पद वाटत होतं. फक्त एक प्रश्न त्यांना गिळता येत नव्हता. प्रमिला आली की हजारभर पेशी धावून येतात. मग आपण आल्यावर?

त्यांनी मोजलं. म्हणजे, इंदुमतीबाईंना न सांगता मोजलं. चिमटा लावायचा, आपण बाजारात जायचं, परत येऊन दारात उभं राहायचं आणि पडद्याकडे चोरून बघायचं. चोवीसशे. एकदा नवा शर्ट घालून आले. तेवीसशे नव्वद. एकदा मोगऱ्याचा गजरा आणला.

“माळू कशात?” इंदुमतीबाईंनी रुमालावरून हात फिरवत विचारलं.

चोवीसशे दहा. एकदा तर त्यांनी दारातून एक जुनं भावगीत म्हटलं. इंदुमतीबाई म्हणाल्या, “दूध उतू जातंय का बघा.” पडद्यावरची रांग ढिम्म चालत राहिली.

अडतीस वर्षांचा संसार, आणि दारात उभं राहिल्यावर एक पेशी मान वर करून बघत नाही. रघुवीररावांनी अनेक उन्हाळ्यांत कोरडी नदी बघितली होती, पण तिचा अपमान कधी स्वतःला लावून घेतला नव्हता.

शेवटी ते डॉ. तेजस्विनी मगदूम यांच्याकडे गेले. इंदुमतीबाईंच्या त्या डॉक्टर, वय सारंगएवढं. रघुवीररावांनी प्रश्न नात्यातल्या दुसऱ्या कुणाचा म्हणून विचारला. डॉक्टरांनी तो तसाच ऐकून घेतला.

“काका, पांढऱ्या पेशी सगळ्याच काही प्रवाहात नसतात,” त्या म्हणाल्या. “पुष्कळशा रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेल्या असतात. चौकात पारावर मंडळी बसतात ना, तशा. त्या मोजणीत येत नाहीत. माणूस एकदम दचकला, चिडला, हरखला, की अंगात अॅड्रेनलिन सुटतं. ती पोलिसाची शिट्टी समजा. पारावरची सगळी उठून चालायला लागतात. गर्दी वाढल्यासारखी दिसते. माणसं तेवढीच असतात.”

“म्हणजे प्रमिला आली की...”

“काकूंना काहीतरी होतं. आनंद होतो की राग येतो, ते पेशी सांगत नाहीत. प्रियकर आणि वसुलीवाला, दोघांना शिट्टी एकच.”

“आणि एखाद्याच्या येण्याने काहीच होत नसेल तर?” रघुवीररावांनी खिडकीकडे बघत विचारलं. “म्हणजे, या नात्यातल्यांच्या बाबतीत.”

डॉ. मगदूम हसल्या नाहीत, हे त्यांच्या शिक्षणाला धरून होतं. “काका, ज्यांच्यासमोर शिट्टी वाजत नाही अशी माणसं फार थोड्यांना मिळतात,” त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज कामाचा झाला. “पण मला दुसरीच काळजी आहे. ग्रुपवरचे ते साडेतीन हजार खरे नाहीत. मी त्या भरवशावर डोस दिला आणि खरे पहारेकरी चोवीसशेच असले, तर घोळ होईल. गुरुवारी सकाळी मोजा. घरात कुणी पाहुणा नको, काकू शांत हव्यात. तो आकडा मला पाठवा. मी तुमच्या शब्दावर जाणार आहे.”

रघुवीररावांनी हे घरी सांगितलं. इंदुमतीबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “प्रमिलाला बुधवारी रात्रीच राहायला बोलावते.”

“इंदू, अगं मी आत्ता काय सांगितलं?”

“तुम्ही सांगितलंत तीन हजार. प्रमिला आली की होतात. मला हा डोस घ्यायचाय आणि मोकळं व्हायचंय. दोनदा पुढे गेला. प्रत्येक वेळी मी मनाची तयारी करते, बॅग भरते, आणि प्रत्येक वेळी ती बॅग परत उपसते. मला आता बॅग उपसायची नाही.”

“पण तो आकडा खोटा आहे.”

“मग खरं काय आहे? मी खोटी बरी होते का ती आल्यावर?” इंदुमतीबाई उठून बसल्या. “ती आली की भांडते माझ्याशी. आमटीला नावं ठेवते. पाय वर घेऊन बसते आणि म्हणते, अक्का, लसूण सोल, रिकामी काय बसलीस. माझ्यापुढे गरमागरम कप आदळते. तुम्ही? तुम्ही चवड्यांवर चालता. दार लोटताना श्वास धरता. मला चहासुद्धा निववून देता. पूररेषेवरचं घर असल्यासारखे बघता माझ्याकडे.”

रघुवीररावांना यावर पुष्कळ बोलायचं होतं. तोंडाला फोड येतात म्हणून फार गरम देऊ नका असं डॉक्टरांनीच सांगितलेलं, आणि त्यांनी तो शासकीय आदेश मानून दोन महिने प्रत्येक चहा बोट बुडवून तपासला होता. पण त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

“मी आलो की तुझ्या पेशी हलत नाहीत.”

इंदुमतीबाईंनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. “म्हणजे तो गजरा त्यासाठी होता?”

“शर्टसुद्धा.”

“आणि ते गाणं?” त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, यायला आधी जावं लागतं. तुम्ही दोन महिन्यांत भाजी आणण्यापलीकडे गेलायत कुठं?”

हे सांत्वन होतं की तक्रार, हे रघुवीररावांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

बुधवारी संध्याकाळी ते भावाच्या घरी गेले. वसंता दुकानात होता. प्रमिला पिशवी भरत होती. तीत साडी होती, चष्मा होता आणि आल्याचा मोठा तुकडा होता. अक्कांकडे आलं कधी ताजं नसतं, यावर तिचा ठाम विश्वास होता.

“दादा, तुम्ही कशाला आलात? मी निघालेच होते.”

“प्रमिला,” रघुवीरराव उंबऱ्यातच थांबले. रस्ताभर जुळवलेली सगळी वाक्यं त्यांना एकाएकी आईच्या आवाजातली वाटू लागली होती. “उद्या येऊ नकोस.”

पिशवीतला तिचा हात थांबला.

“डोस व्हायचाय ना उद्या?”

“म्हणूनच.”

“असं होय.” तिने आल्याचा तुकडा पिशवीतून काढला आणि ओट्यावर ठेवला. “कार्य आहे म्हणजे.”

“तसं नाही गं. तू आलीस की आकडा वाढतो, पण तो वरवरचा वाढतो. पेशी नव्या होत नाहीत. बसलेल्या उठून चालायला लागतात एवढंच. डॉक्टरांना खरा आकडा हवाय.”

त्यांनी तिला पार, चौक, शिट्टी, सगळं समजावलं. ती मान हलवत ऐकत होती. भांडी घासायला पाठवतानाही ती अशीच मान हलवायची.

“चौतीस वर्षं झाली, दादा,” ती शेवटी म्हणाली. “चौतीस वर्षांत एकदा माझ्या पायानं काहीतरी वाढलं. तेही खोटंच निघालं का?”

रघुवीररावांनी आयुष्यात अनेकदा लोकांना घर सोडून निघायला सांगितलं होतं. पाणी येतंय, उठा, चला. तेव्हा कधी जीभ अडखळली नव्हती, कारण तेव्हा पाणी खरोखर येत असे.

“अक्काला सांगा, घसा दुखतोय माझा,” प्रमिला म्हणाली. “ती विचारेल.”

गुरुवारी सकाळी घरात कुणी नव्हतं. आकडा चोवीसशे साठ आला. रघुवीररावांनी तो पाठवला. डॉ. मगदूम यांनी डोस आणखी आठवडाभर पुढे ढकलला. इंदुमतीबाईंनी बॅग उपसली. एकेक वस्तू काढून, दोन्ही हातांनी, रघुवीररावांना दिसेल अशी ती कपाटात ठेवली. घसादुखीवर त्यांनी क्षणभरही विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी प्रमिलाला फोन केला, पलीकडचा आवाज खणखणीत होता, आणि मग त्या नवऱ्याशी बोलायच्या बंद झाल्या.

सारंगने जर्मनीहून विचारलं, “बाबा, गरज काय होती हरिश्चंद्र व्हायची?” मावसभावाने ग्रुप सोडला. जाताना ‘पायगुण’ हा शब्द असलेला एक लांब मजकूर टाकून गेला.

अबोला चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी रघुवीरराव कपडे वाळत घालत होते. फोन वाजला. ग्रुपवर आकडा पडला होता. छत्तीसशे.

घरात ते दोघंच होते.

त्यांच्या हातातली चादर तारेवर अर्धीच राहिली. प्रमिला नाही, पाहुणा नाही. मग शिट्टी कुणासाठी वाजली? रागाने का होईना, पण वाजली! रघुवीररावांना आपल्या वयाचा विसर पडला. ओल्या हातांनी केस सारखे करत, चवड्यांवर न चालता, चांगली टाच आपटत ते खोलीत गेले.

इंदुमतीबाई पलंगावर बसल्या होत्या. ओठाला चिमटा, डोळ्यांत अबोला. पडद्यावर आकडा होता छत्तीसशे वीस.

“इंदू,” ते म्हणाले. “हे माझ्यामुळे.”

इंदुमतीबाईंनी चार दिवसांत प्रथमच तोंड उघडलं. “तुमच्यामुळेच. तुमच्या हातचं कोमट पाणी पिऊन कंटाळले. स्वतः उठून केला.”

“काय केला?”

त्यांनी उशाशी ठेवलेल्या कपाकडे बोट दाखवलं. रघुवीररावांनी सवयीने त्यात बोट बुडवलं आणि झटकन काढून घेतलं.

मग ते हळूच पडद्यासमोर बसले. त्यांनी पेशींकडे बघितलं नाही. पेशी ज्या पाण्यातून चालल्या होत्या त्याच्याकडे बघितलं. काळी रांग वेगाने पळत होती. ट्रॉली बोळात अडकत नव्हती, सुसाट निघून जात होती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना शिकवलं होतं, नदीत काठी टाकायची, दोन खुणांमधून ती किती वेळात जाते ते बघायचं. पुलाखालून तासाला किती ओंडके गेले, यावरून नदीत ओंडके किती हे सांगता येत नाही, आधी पाण्याचा वेग विचारा, हे त्यांनी स्वतः तीन पिढ्यांच्या कनिष्ठ अभियंत्यांना ओरडून सांगितलेलं होतं. गरम चहाने ओठ तापतो. ओठ तापला की वाहिन्या सैलावतात, रक्त जोरात धावतं. मिनिटाला जास्त फटी जातात. यंत्र वेग गृहीत धरून बसलेलं, ते भाबडेपणाने आकडा वाढवतं.

आणि सगळी मिरज, चहा दिल्याशिवाय कुणाला काही मोजू देत नाही.

त्यांनी वाट बघितली. चहा निवला तसा ओठ निवला. चोवीसशे ऐंशी.

रघुवीररावांनी हे डॉ. मगदूम यांना फोनवर सांगितलं. “शक्य आहे,” त्या म्हणाल्या. “नक्कीच शक्य आहे. पण काका, गरम चहा पिऊन लगेच कोण मोजतं?”

“तुमच्या मंत्र्यांनासुद्धा व्यासपीठावर चढायच्या आधी चहा दिला होता,” रघुवीरराव म्हणाले. मग त्यांना प्रामाणिकपणे आठवावं लागलं, की मंत्र्यांचा आकडा चहानंतर नाही, शहराध्यक्षानंतर वाढला होता. शास्त्रात काही गोष्टी खऱ्याही असतात.

ते तसेच प्रमिलाकडे गेले. या वेळी उंबऱ्यात थांबले नाहीत, सरळ स्वयंपाकघरात गेले. प्रमिला भाकरी थापत होती. आल्याचा तो तुकडा ओट्यावर सुकून पडला होता.

“प्रमिला, तुझ्या पायाचा काही संबंध नव्हता,” त्यांनी एका दमात सांगितलं. “शिट्टीसुद्धा नव्हती. चहा होता. तू गरम देतेस, मी निववून देतो. तेवढाच फरक.”

प्रमिलाने भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं. “म्हणजे माझ्या पायानं काही वाढलं नाही.”

“नाही.”

“आणि गेलंही नाही.”

“काहीच गेलं नाही.”

“साखर?”

“कोयना.”

तिने भाकरी उलटली. ती टम्म फुगली. “त्या डेंग्यूवाल्याला सांगायला हवं,” ती म्हणाली. “रोज येऊन पाया पडतोय मेला. बरा झालाय तरी.” मग तिने पिठाचे हात धुतले आणि सुकलेला आल्याचा तुकडा कचऱ्यात टाकून नवा घेतला. “अक्का बोलायला लागली का तुमच्याशी?”

“आज बोलली. चहाला नावं ठेवली.”

“मग बरी आहे ती,” प्रमिला म्हणाली, आणि पदराला हात पुसून पिशवी शोधू लागली.

पुढे ढकललेल्या डोसच्या गुरुवारी सकाळी प्रमिला अक्कांकडे होती. चहा तिनेच केला, तो तिघांपुढे ठेवला, आणि मोजणी होईपर्यंत कुणी कपाला हात लावायचा नाही असा हुकूम सोडला. रघुवीररावांनी काठीचा हिशेब करून रक्ताचा वेग दोनदा तपासला. इंदुमतीबाईंनी डोळे मिटून घेतले होते. बॅग दाराशी भरलेली होती.

आकडा एकतीसशे साठ आला. प्रमिलाने दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, हे खरे का. रघुवीरराव हो म्हणाले. आठवडाभर थांबलं की पेशी आपल्या आपण वाढतात, मध्ये कुणी आलं तरी आणि नाही आलं तरी.

चहा निवला होता.